स्ट्रेचिंग आणि योगासन: फरक स्वतः करून कसा बघायचा

आमची काकू धरणगावकडे कापूस वेचायला जाते, वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधली की दुपारपर्यंत वाकलेलीच. मी तिला पुढे वाकायचं आसन दाखवलं तर म्हणाली, "दिवसभर वाकतेच की रे मी, मग तुझं योगासन वेगळं काय?" प्रश्न एकदम बरोबर, आणि नुसतं बोलून तो सुटत नाही, म्हणून तिला जे करायला लावलं तेच इथे सांगतो. पंधरा मिनिटं पुरतात. जेवून तीन-चार तास झालेले हवेत, आणि आपल्या खानदेशात उन्हाळ्यात सकाळी लवकरच करा.

आधी साधं स्ट्रेचिंग. सतरंजीवर पाय लांब करून बसा, वाकून अंगठे धरायला बघा, 30 सेकंद थांबा, सोडा. मांडीमागचा स्नायू झटक्याने ताणला तर तो उलट आखडतो, कारण फाटू नये म्हणून शरीरानेच ती सोय केलीय, पण हळू ताणून थांबलं की सैल पडतो. हे काम चांगलंच आहे, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी धावून झाल्यावर करावंच. पण मोबाइल बघत केलं तरी ते होतं, हे लक्षात ठेवा.

आता दोन मिनिटं थांबून तेच वाकणं पश्चिमोत्तानासन म्हणून करा. तळपायाला टॉवेल अडकवा, त्याची दोन्ही टोकं हातात धरा, गुडघे थोडे वाकले तरी चालतील. श्वास घेताना पाठ वर ताठ करा, सोडताना कमरेतून, म्हणजे खुब्यातून, पुढे या. कुठे थांबायचं ते चेहरा सांगतो: दात आवळले किंवा श्वास अडकला की समजा जास्त झालं, दोन बोटं मागे या. मग तिथेच मनात तीन मोजेपर्यंत श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा, असं आठ वेळा, आणि लक्ष फक्त त्या श्वासावर, पळालं तर परत आणा. श्वास सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके संथ होतात, ते आतून कळतं. पतंजलींनी आसनाची व्याख्याच 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, अशी केलीय, किती वाकलात याचा त्यात उल्लेखच नाही! शेवटी तीन मिनिटं शवासन, म्हणजे उताणं अंग सैल सोडून पडणं, ते कोणी गाळू नका.

हे नुसतं श्रद्धेचं बोलणं नाही. स्वामी कुवलयानंद आपल्या अमळनेरला शिकवायचे, पुढे 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि योगाच्या क्रिया करताना शरीरात काय होतं ते एक्स-रे लावून तपासलं, मला याचा फार अभिमान वाटतो.

स्लिप डिस्क, काचबिंदू, बीपी असेल किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाकू नका.

काकू उठली तेव्हा म्हणाली, वेचताना मी दात आवळूनच असते रे, आज कळलं. पण रोजसाठी तिला हे आसन मी दिलं नाही, दिवसभर पुढे वाकणाऱ्या पाठीला अजून पुढे कशाला वाकवायचं, तिला भुजंगासन दिलंय, पालथं झोपून छाती हळूच वर, नाभी जमिनीलाच, आणि श्वास सोडायची रीत तीच, तीनात आत, सहात बाहेर.