चित्रकलेच्या तासाला कोडी: नव्या कलाशिक्षकांसाठी

"बाई, मला चित्र काढता येत नाही." शिकवायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात हे वाक्य कानावर पडतं आणि पुढे ते पाठ सोडत नाही. माझ्या वर्गात असं म्हणणारी काही मुलं मधल्या सुट्टीत डोकं खाली घालून सुडोकू सोडवत बसायची. कोऱ्या कागदासमोर हातपाय गाळणारी हीच मुलं तिथे मात्र उत्तर मिळेपर्यंत हटून बसायची. म्हणून मी कोडं वर्गात आणायचं ठरवलं.

पहिला प्रयत्न फसला. आकड्यांच्या जागी रंग घातलेलं सुडोकू मी सगळ्यांना छापून दिलं. वर्ग एकदम शांत झाला, मुलं खूश होती. तास संपल्यावर कागद गोळा केले, तर सगळे एकसारखे! उत्तर एकच होतं, त्यामुळे दुसरं काही होणारच नव्हतं. लाल म्हणजे १, निळा म्हणजे २, एवढंच काम रंगाला उरलं होतं. त्या तासाला एकाही मुलानं रंगाकडे रंग म्हणून पाहिलं नाही.

तेव्हापासून कोडं निवडताना मी स्वतःला दोन प्रश्न विचारते. नीट बघितल्याशिवाय हे सुटतं का? सुटत असेल, तर ते दुसऱ्या तासाला चांगलं, आपल्या नाही. आणि सुटल्यावर मुलाला स्वतः ठरवायला काही उरतं का? हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याला अनेक उत्तरं असलेलं कोडं हवं, कारण त्यातलं कुठलं उत्तर घ्यायचं हे शेवटी डोळ्यालाच ठरवावं लागतं.

माझं सगळ्यात जास्त वापरलेलं कोडं नऊ तुकड्यांचं आहे. पुठ्ठ्याचे नऊ चौकोनी तुकडे घ्यायचे. आकार तीन: वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. रंगही तीन. प्रत्येक आकार प्रत्येक रंगात एकदा, म्हणजे नऊही तुकडे वेगळे. ते तीन बाय तीन असे मांडायचे. कुठल्याही आडव्या ओळीत किंवा उभ्या रांगेत एकच आकार दोनदा येता कामा नये, आणि एकच रंगही दोनदा येता कामा नये. बहुतेक मुलांना हे दहा मिनिटांत जमतं.

आता यात चित्रकला कशी आणायची? मी रंग तयार देत नाही. निळा आणि पिवळा, एवढ्या दोनच ट्यूब देते आणि त्यातून तीन वेगळे हिरवे बनवायला सांगते. अट अशी, की शेजारी बसलेल्याला तीनही हिरवे हातभर अंतरावरून वेगळे ओळखू आले पाहिजेत. ओळखू आले नाहीत तर मांडणी कितीही बरोबर असो, ती तपासताच येत नाही.

एका मुलीची मांडणी चोख होती, पण शेजारणीला तिचे दोन हिरवे सारखेच दिसत होते. ती वैतागली. "पॅलेटवर तर वेगळे होते!" आणि ते खरंच होतं. पोस्टर रंगात बऱ्याचदा गडद छटा वाळल्यावर किंचित फिकट होते आणि फिकट छटा किंचित गडद, त्यामुळे जवळजवळच्या दोन छटा वाळून आणखी जवळ येतात. हे मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर कुणाच्या लक्षात राहिलं असतं? तिनं आधी दोन्ही तुकडे खिडकीशी नेऊन डोळे किलकिले करून पाहिले. मग एका छटेत निळा वाढवला, कागदाच्या कपट्यावर ठिपका दिला, वाळेपर्यंत फुंकर मारत बसली आणि मगच तीन तुकडे पुन्हा रंगवले. त्यानंतर तिच्या कुठल्याही चित्रात मला कपट्यावरचा तो ठिपका दिसायचा.

या नऊ तुकड्यांची मांडणी ७२ प्रकारे जमते. हे नुसतं सांगू नका, मोजायला लावा. पहिल्या कोपऱ्यात नऊपैकी कुठलाही तुकडा, त्याच्या शेजारी चारपैकी एक, तिसरा मग आपोआप ठरतो आणि खालच्या दोन ओळींना मिळून फक्त दोन पर्याय उरतात. ९ गुणिले ४ गुणिले २. मग विचारायचं, या ७२ मधली तुझी कुठली? का? इथे वर्गातला आवाज बदलतो. गडद तुकडे कोपऱ्यातून कोपऱ्यात सरळ तिरके आले, तर नजर त्यांच्यावरून घसरत जाते. तेच जरा तुटक आले, तर नजर अडखळते, थांबते. हे मुलं आपल्या शब्दांत सांगतात: "बाई, हे पळतंय," "हे बसलंय." रचना आणि समतोल हे शब्द तुम्ही नंतर द्या, घाई नको.

पुढच्या पायरीला चार आकार आणि चार रंग. तुमच्या हाताशी एक उत्तर असावं म्हणून देते. आकारांच्या ओळी: १२३४, २१४३, ३४१२, ४३२१. रंगांच्या ओळी: १२३४, ३४१२, ४३२१, २१४३. एकावर एक ठेवून पाहा, सोळाही जोड्या वेगळ्या येतात. वर्गात मात्र हे उत्तर दाखवू नका.

पाच आकार, पाच रंग जमतात. सहा आणि सहा मात्र देऊ नका, कारण ते होतच नाही. स्विस गणितज्ञ ऑयलरनं १७८२ साली छत्तीस अधिकाऱ्यांच्या कोड्याच्या रूपात हे मांडलं (आकार आणि रंग यांच्या जागी सहा हुद्दे आणि सहा पलटणी) आणि ते अशक्य असावं असा अंदाज केला. गास्तों तारीनं १९०१ साली ते सिद्ध केलं. ऑयलरला दहाची मांडणीही अशक्य वाटत होती, पण राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी १९५९ साली ती शक्य असल्याचं दाखवून दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या 'सायंटिफिक अमेरिकन' या विज्ञान मासिकाच्या मुखपृष्ठावर ही दहा बाय दहाची मांडणी आली ती रंगवलेल्या चित्राच्या रूपात. दहा रंग, आणि प्रत्येक चौकोनाच्या आत आणखी एक चौकोन. मोठ्या मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण गणितातली एवढी मोठी गोष्ट लोकांपुढे मांडायला रंगच उपयोगी पडले.

दुसरं कोडं स्थिरचित्राचं. टेबलावर वस्तू आपण मांडून न देता मुलांना क्लू द्यायचे. चार वस्तू एका ओळीत ठेवायच्या: पेटी, बाटली, चेंडू, किटली. क्लू तीन. बाटली कुठल्याच टोकाला नाही. पेटी बाटलीच्या लगेच डावीकडे आहे. किटली चेंडूच्या लगेच उजवीकडे आहे. करून पाहा, उत्तर एकच येतं.

पहिल्यांदा हे दिलं तेव्हा टेबलाच्या दोन बाजूंना दोन गट समोरासमोर बसले होते. एका गटानं मांडलं, की दुसरा गट "चूक, चूक" म्हणत सगळं उलटं करायचा. दोन्ही गटांचा तर्क बिनचूक होता. माशी शिंकली होती ती माझ्या क्लूमध्ये: डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे, हे मी लिहिलंच नव्हतं. भांडण हातघाईवर यायच्या आत एक मुलगा उठून पलीकडे गेला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "इथून ते बरोबर आहेत." मग सगळीच मुलं फेऱ्या मारायला लागली. त्या दिवशी प्रत्येकानं तेच टेबल दोन्ही बाजूंनी काढलं. किटलीची चोच एकीकडून आपल्याकडे येते आणि दुसरीकडून पाठमोरी होते, तेव्हा ती आखूड कशी होते, यावर चर्चा रंगली. दृष्टिकोन हा शब्द मी त्याआधी अनेकदा वापरला होता, पण मुलांना तो त्या टेबलाभोवती फिरताना समजला.

आता मी मुद्दाम बसण्याच्या जागेवरूनच क्लू लिहिते. 'खिडकीकडच्या बाकावरून चेंडू बाटलीचा थोडाच भाग झाकतो.' 'दाराकडून पाहिलं तर किटलीची मूठ दिसत नाही.' असे क्लू खाली बसून, एक डोळा मिटून, वस्तू बोटभर सरकवत सोडवावे लागतात. सोडवून होईपर्यंत मुलांनी वस्तूंकडे इतकं निरखून पाहिलेलं असतं, की पेन्सिल हातात घेतल्यावर अडत नाही.

तिसरं कोडं अगदी लहानांनाही चालतं. कागदावर पेन न उचलता हवी तशी वेटोळी रेघ मारायची. ती स्वतःला कितीही वेळा छेदू दे, शेवटी जिथून निघाली तिथे येऊन मिळाली पाहिजे. जे कप्पे तयार होतात ते दोनच रंगांनी असे भरायचे, की सामाईक रेघ असलेले दोन कप्पे एका रंगाचे नसावेत. कितीही गुंता असला तरी हे नेहमी जमतं. कुठला कप्पा गडद करायचा हे कळत नसेल, तर त्या कप्प्यात बोट ठेवून सरळ कागदाबाहेर न्यायचं आणि वाटेत रेघ किती वेळा ओलांडली ते मोजायचं. विषम आली तर गडद, सम आली तर कोरा. फक्त रेघ स्वतःला छेदते त्या बिंदूवरून बोट नेऊ नका.

एकदा एक मुलगा रागावून कागद चुरगळायला निघाला होता. एका ठिकाणी दोन गडद कप्पे काही केल्या शेजारी येत होते. दोघांनी मिळून रेघेवरून बोट फिरवलं, तर तिचं टोक एका कप्प्याच्या मधोमध सुटलेलं सापडलं. टोक जोडलं आणि एक बाजू पुन्हा भरली, की सगळं जुळलं. कोडं इथे संपतं. त्यानंतर कागद फिरवायला सांगा. गडद भाग चित्र वाटतो की कोरा भाग? आकृती आणि तिच्या मागची जागा हे नातं इथे इतकं उघड दिसतं, की मुलं आपणहून कोऱ्या भागात पक्षी, चेहरे, पानं शोधायला लागतात.

रेघेऐवजी कुठलाही नकाशा घेतला, तर चार रंग पुरतात. इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना फ्रान्सिस गथ्री याला १८५२ साली हे जाणवलं, आणि सिद्धता मिळाली ती १९७६ साली, संगणकाच्या मदतीनं. म्हणजे या प्रश्नाचा जन्मच रंगवता रंगवता झाला.

नोनोग्रामबद्दल थोडक्यात. कडेला दिलेल्या आकड्यांवरून चौकटी काळ्या करत जायच्या आणि चित्र उमटतं, ते हे कोडं. जपानमध्ये १९८७ साली नॉन इशिदा यांनी उंच इमारतीतले दिवे लावून आणि विझवून चित्र करण्याच्या कल्पनेवर स्पर्धा जिंकली, तिथून ते सुरू झालं. तयार नोनोग्राम सोडवण्यात चित्रकला फारशी नाही, असं माझं मत. बनवण्यात आहे. दहा बाय दहा चौकटींत मांजर ओळखू यायला काय ठेवायचं आणि काय सोडायचं, याचा विचार चांगला कस काढतो. बनवलेलं कोडं शेजाऱ्यानं सोडवून बघावं, कारण दोन काळ्या चौकटी नुसत्या तिरक्या टेकल्या असतील तर कधीकधी दोन उत्तरं निघतात.

आता काही गोष्टी ज्या मला आधी कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

रंगांचं कोडं देण्याआधी वर्गात कुणाला लाल-हिरवा फरक कळायला जड जातं का, हे हळूच जाणून घ्या. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हे बरंच जास्त आढळतं. अशा वेळी रंगांच्या जोडीला रेघोट्या, ठिपके, जाळी असे पोत द्या आणि ते सगळ्यांनाच द्या, म्हणजे कुणी एकटं पडत नाही.

कोडं तासाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळ खायला लागलं, तर ते अवघड झालंय असं समजा आणि एक क्लू फळ्यावर लिहून मोकळे व्हा. सोडवायच्या वेगाला गुण कधीच देऊ नका. मी एकदा दिले. पुढच्या तासाला निम्मा वर्ग उत्तर एकमेकांचं बघून उतरवत होता आणि ज्या मुलांसाठी हा सगळा खटाटोप केला तीच सगळ्यात मागे पडली. गुण द्यायचेच असतील तर मुलांना कागदामागे दोन ओळी लिहायला सांगा, हीच मांडणी का निवडली म्हणून, आणि त्या वाचून द्या.

पटकन सोडवणाऱ्यांना दुसरं कोडं हातात देऊ नका. त्यांना नवं बनवायला सांगा. कोडं बनवणं सोडवण्याहून पुष्कळ कठीण असतं, आणि त्यात चित्र काढण्याची गरज आपोआप पडते.

सुरुवात नऊ तुकड्यांनीच करा. पुठ्ठा आदल्या दिवशी कापून ठेवा, वर्गात कापत बसलात तर तास त्यातच जातो. आणि प्रत्येकाला तीन तुकडे जास्तीचे द्या, एक हिरवा नक्की पुन्हा करावा लागतो.