टिपरला उभा सायलेन्सर लावताय? आधी हे बघून घ्या

गाडी क्रशरवर किंवा रस्त्याच्या कामावर चालत असेल तर सायलेन्सर वर काढायचा विचार मालकाच्या डोक्यात कधी ना कधी येतोच, आणि तो बरोबर पण आहे, कारण खालचा पाइप कच्च्या रस्त्यावरची धूळ उडवतो, रिव्हर्स घेताना मुरमाच्या ढिगात घुसून चेमटतो, ओढ्यातून गाडी घातली की पाण्यात जातो आणि खाली काम करणाऱ्या माणसांच्या थेट तोंडावर धूर सोडतो. गाडी फक्त हायवेला चालते, दिसायला भारी वाटतं म्हणून लावायचाय, तर मात्र राहू द्या, ते पैसे टायरला ठेवा.

सगळ्यात आधी गाडी कुठली ते बघा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) गाडीला डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे, धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू (नॉक्स) कमी करणारी युरियाची सिस्टिम आहे, नॉक्स सेन्सर आहेत, टेंपरेचर सेन्सर आहेत, त्यामुळे तिथे गॅरेजवाल्याला कटर लावू देऊ नका. सायलेन्सरचा डबा जरा पुढेमागे सरकवला, पाइपची लांबी बदलली तरी गॅस थंड होतो, युरियाचे पांढरे खडे साचतात, चेक लाइट लागते आणि गाडीचा पॉवर कमी होतो. वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आरसीवरच्या गाडीत मनाने बदल चालत नाही. बीएस६ ला उभा पाइप पाहिजे तर घेतानाच टिपरचं तसं मॉडेल मिळतं का ते शोरूमला विचारा. जुन्या गाडीचं पण आरटीओकडून विचारून घेतलेलं बरं, पुढचं सगळं मुख्यतः जुन्या गाडीसाठीच आहे.

जागा केबिनच्या मागे, बॉडीच्या पुढे, आणि पाइप चासीलाच बांधायचा, केबिनला अजिबात नाही, कारण केबिन पुढे टिल्ट होते. हायवाच्या (मोठ्या टिपरच्या) बॉडीचा छज्जा केबिनवर येतो, त्याच्या खाली पाइपचं तोंड आलं की धूर तिथेच कोंडतो, म्हणून पाइप बाजूने बाहेर काढा, पण इतका पण बाहेर नको की पोकलेनने भरताना सांडलेला दगड नेमका त्यातच पडेल. एअर क्लीनरचं तोंड ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध बाजूला पाइप घ्या, नाहीतर इंजिन स्वतःचाच गरम धूर परत ओढतं आणि फिल्टर लवकर चोक होतो. बॉडी पूर्ण उचलून, केबिन टिल्ट करून, दोन्ही करून बघा आणि मगच वेल्डिंग पक्कं करा.

आता खरा मुद्दा, पाइप का तुटतो. इंजिन रबर माउंटिंगवर हलतं, पाइप चासीवर घट्ट, मग मधे बेलो (हलू देणारा लवचिक जोड) नसेल तर पहिला तडा जॉइंटलाच जाणार. आणि लोखंड तापलं की वाढतं, २ मीटरचा पाइप ३०० डिग्रीने तापला तर साधारण ७ मिलिमीटर लांब होतो, म्हणून दोन्ही टोकं वेल्ड करून जखडू नका, खाली एक पक्का ब्रॅकेट आणि वर रबर बुशवाला क्लॅम्प जो पाइपला वरखाली सरकू देईल. वेल्डर म्हणेल मजबूत पट्टी मारून देतो, त्याला नाही म्हणा. इंजिनमधून जो साइज येतो त्यापेक्षा पाइप बारीक करायचा नाही, काटकोनाऐवजी मोठ्या गोलाईचे बेंड घ्या, नाहीतर बॅकप्रेशर (धूर अडकून इंजिनवर येणारा उलटा दाब) वाढून गाडी चढाला दम टाकते.

पाऊस. कोकणात किंवा घाटमाथ्यावर गाडी उभी राहिली की उघड्या पाइपातून पाणी सरळ सायलेन्सरमध्ये जातं आणि तो आतून सडतो. ट्रॅक्टरवाले रात्री पाइपावर डबा पालथा घालतात ते चांगलं आहे, पण ड्रायव्हर विसरतो, त्यापेक्षा तोंड मागे वळवलेला बेंड लावा किंवा झाकणवाली टोपी, टोपी आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) खडखडते एवढंच. सगळ्यात खालच्या बेंडला ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा, पाणी तिथून निघून जातं, फक्त ते भोक केबिनच्या किंवा वायरिंगच्या दिशेने नको.

उष्णतेकडे दुर्लक्ष करू नका. डिझेल लाइनपासून किमान ३५ मिलिमीटर अंतर नियमातच आहे, मी म्हणतो जागा असेल तर त्याच्या चौपट ठेवा. एअर ब्रेकचे नायलॉन पाइप, वायरिंग, ताडपत्रीची दोरी, सगळं लांब, आणि हात पोचतो तिथपर्यंत जाळीचं कव्हर हवंच, क्लिनर चढताना नेमका तिथेच हात धरतो. ऊस भरणाऱ्या गाडीला तर उभा पाइप मला पटतच नाही, मोळ्या केबिनच्या वर जातात आणि सुकं पाचट गरम पाइपाला लागायला वेळ लागत नाही. पेट्रोल-डिझेलचे टँकर वेगळे, त्यांना डेपोत जायला मान्यताप्राप्त स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून ठिणगी बाहेर पडू न देणारा) लागतो, तिथे आपला प्रयोग नको.

लावल्यावर आठवडाभराने सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा. जॉइंटभोवती काजळीचा काळा डाग दिसला म्हणजे तिथून गॅस निघतोय, आणि तो केबिनच्या मागेच असेल तर गाडी त्याच दिवशी उभी करा, कारण इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपलेल्या ड्रायव्हरला कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.