उन्हाळी सल्ला : थर्मोइलेक्ट्रिक शीतपेटी जपून वापरा

जनावरांच्या लसी, जिवाणू संवर्धके किंवा थोडे मोलाचे बियाणे शेतावर नेण्यासाठी बॅटरीवर चालणारी थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजेच पेल्टियर शीतपेटी सोयीची असते. तिच्यात कॉम्प्रेसर नसतो; त्याऐवजी एक पातळ पेल्टियर चकती असते. या चकतीतून वीज वाहू लागली की तिची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. पण अशी साधी पेटी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशांनीच गार राहते, हे आधी लक्षात घ्यावे. बाहेर ४२ अंश असतील, तर आत २२ अंशांच्या खाली क्वचितच उतरते. बहुतेक लसींना २ ते ८ अंश लागतात, म्हणून भर उन्हाळ्यात लस केवळ या पेटीच्या भरवशावर ठेवू नये. बियाण्याला व संवर्धकांना मात्र एवढा गारवा बहुधा पुरतो. माल आधीच गार करून ठेवावा आणि आत तापमापक असावा, कारण हाताला गार लागणे हे काही मोजमाप नव्हे.

खरी काळजी गरम बाजूची घ्यायची असते. आतून ओढलेली उष्णता आणि खर्च झालेली वीज, दोन्ही तिथूनच बाहेर पडतात. मागच्या धातूच्या पात्यांवर धूळ व भुसा साचला किंवा पंखा अडला, तर चकती काही मिनिटांत निकामी होऊ शकते आणि जवळचे प्लास्टिक वितळू शकते. पेटी सावलीत, हवेशीर जागी आणि भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर दूर ठेवावी. बंद गाडीत, गोणपाटाखाली किंवा गवताच्या गंजीजवळ ती चालवू नये. गार होईल म्हणून तिच्यावर पाणी शिंपडणे तर मुळीच करू नये.

१२ व्होल्टवर ६० वॉटची पेटी ५ अँपिअर ओढते, त्यामुळे बारीक वायर किंवा सैल जोड तापतो. जाड वायर वापरावी आणि बॅटरीच्या धन टोकाजवळ १० अँपिअरचा फ्यूज बसवावा. धन-ऋण उलटे जोडल्यास काही पेट्या आतून गरम होतात, म्हणून जोडणी नीट तपासावी. ‘१२ व्होल्ट’ म्हणून मिळणारे सोलर पॅनेल भार नसताना २० व्होल्टच्या पुढे जाते. ते पेटीला थेट न जोडता चार्ज कंट्रोलर (बॅटरीत जाणारी वीज नियंत्रित करणारे उपकरण) व बॅटरीमार्फतच जोडावे. ४० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर ८ तास पुरते, पण ती निम्म्याहून अधिक उतरवू नये, म्हणून ४ तासच धरावेत.

गार बाजूवर दव जमते. ते रोज पुसावे; ओल वायरीपर्यंत गेल्यास जोड गंजतात. वीज बंद होताच बाहेरची उष्णता त्याच चकतीतून आत शिरू लागते, त्यामुळे पेटी बंद करण्यापूर्वी माल दुसऱ्या थंड जागी हलवावा.