दोन-तीन वर्षं झाली, आता कंपनी बदलायचीय? आधी या चुका टाळा

पुण्याजवळच्या चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात मशीन शॉप आणि क्वालिटी मिळून माझी नऊएक वर्षं झाली, आणि गेली तीन वर्षं मी इंटरव्ह्यू घ्यायलाही बसतो. दोन-तीन वर्षं अनुभवाची मुलं येतात, कामाला चांगली असतात, आणि त्याच त्याच चुका करून हातची नोकरी घालवतात. दर वेळी जीव तुटतो म्हणून हे लिहितोय. माझा अनुभव मेकॅनिकल-प्रॉडक्शनचा आहे, पण पगार आणि पीएफचं सगळ्यांनाच लागू आहे.

रिझ्युमेत डिपार्टमेंट असतं, काम नसतं

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. "क्वालिटी इन्स्पेक्शनची जबाबदारी", "फाइव्ह एस आणि कायझेनचं ज्ञान", "रिझल्ट ओरिएंटेड". अहो, तुमच्या शेजारच्या टेबलवरच्या माणसानेही हेच लिहिलंय, आणि आता एआयकडून रिझ्युमे लिहून घ्यायला लागल्यापासून तर दहातले आठ शब्दाला शब्द सारखे येतात. तुम्ही तिथे होतात म्हणून काय बदललं, ते कुठेच नसतं.

मागच्या थंडीत एक मुलगा आला होता, कराडकडचा, डिप्लोमा करून मग डिग्री केलेला, अडीच वर्षं एका सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) शॉपला क्वालिटीत. काय काम बघता? "सर, इन-प्रोसेस इन्स्पेक्शन." रिजेक्शन किती? "असतं सर थोडंफार." वीस मिनिटं हेच चाललं, माझ्यासोबतच्या मॅनेजरने फाइल मिटली पण होती. मग मी विचारलं की पहिल्या शिफ्टला गेल्या गेल्या सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, आणि गडी एकदम बोलायला लागला. थंडीत सकाळचे पहिले पंधरा-वीस पीस बोअरच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या, मापात बसायचेच नाहीत, ऑपरेटर ऑफसेट द्यायचा, म्हणजे मशीनमध्ये टूलचं माप थोडं सरकवायचा, तासाभराने मशीन तापलं की माप दुसऱ्या बाजूला जायचं, मग परत ऑफसेट. याने आठवडाभर दर पाचवा पीस मोजून वहीत ग्राफ काढला, स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) गरम होईपर्यंत माप सरकतंय हे सुपरवायझरला दाखवलं, आणि शिफ्टच्या आधी पंधरा मिनिटं वॉर्म-अप प्रोग्रॅम चालवायचा हे ठरवून घेतलं. सकाळचे पंधराएक रिजेक्ट पीस दोन-तीनवर आले. मी म्हटलं, अरे हे रिझ्युमेत का नाही? तर म्हणे, "सर ते तर रोजचंच काम आहे, त्यात काय लिहायचं."

आम्ही त्याला घेतलं. पण त्याच्या आधीच्या चार इंटरव्ह्यूंत त्याला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, आणि ते कोणी विचारेल याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

मी काय करतो ते सांगतो, ही माझी सवय आहे, पद्धत वगैरे नाही. दर शनिवारी शिफ्ट संपल्यावर वहीत तीन ओळी लिहितो: या आठवड्यात काय अडलं, मी काय केलं, आधीचा आकडा किती होता आणि नंतरचा किती. सायकल टाइम, रिजेक्शन, टूल लाइफ, सेटअपचा वेळ, काहीही चालेल, आकडा पाहिजे. वर्षभरात दीडशेएक ओळी होतात, त्यातल्या पाच रिझ्युमेत जातात आणि बाकीच्या इंटरव्ह्यूत बोलायला उपयोगी पडतात. फक्त कस्टमरचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंगचे फोटो यातलं काही सोबत आणू नका. एकाने मला मोबाइलवर जुन्या कंपनीचं ड्रॉइंग दाखवलं, मी इंटरव्ह्यू तिथेच थांबवला, कारण उद्या तो आमचंही असंच दाखवणार.

फोनवरच्या "सिलेक्ट झालात" वर राजीनामा

हे मी स्वतः केलंय. २०१९ चा उन्हाळा, मला तीन वर्षं झाली होती, एका मोठ्या कंपनीच्या एचआरचा फोन आला की तुम्ही सिलेक्ट आहात, ऑफर लेटर दोन दिवसांत मेलवर येईल, तुमची नोटीस साठ दिवसांची आहे तर आजच टाकून द्या म्हणजे वेळ वाचेल. मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला, साहेबांनी थांब म्हटलं तरी ऐकलं नाही. ऑफर लेटर आज येतंय, उद्या येतंय करत महिना गेला. तेव्हा गाड्यांची विक्री पडली होती, पट्ट्यातल्या कंपन्या नो प्रॉडक्शन डे घेत होत्या, आणि सत्तेचाळीसाव्या दिवशी कळलं की पोझिशन होल्डवर गेलीय. माझ्या जागी जुन्या कंपनीने तोवर माणूस बघितला होता. पाच महिने घरी होतो, गावाकडे आईला फोनवर "सुट्टी घेतलीय" सांगायचो, आणि जानेवारी २०२० मध्ये त्याच जुन्या पगारावर दुसरीकडे लागलो.

तेव्हापासून माझा नियम एकच, लेटर हातात येईपर्यंत राजीनामा नाही. लेटरवर पगाराचं ब्रेकअप, जॉइनिंगची तारीख, कामाची जागा आणि सही पाहिजे, आणि पेरोल कोणाचं हेही बघा, कारण नाव मोठ्या कंपनीचं आणि पेरोल कॉन्ट्रॅक्टरचं असं खूप चालतं. मेडिकल किंवा बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन बाकी असेल तर ते होईपर्यंत थांबा. एचआर घाई करत असेल तर सरळ सांगा, लेटर आलं की त्याच दिवशी टाकतो. ज्यांना खरंच माणूस पाहिजे असतो ते दोन दिवसांत पाठवतात.

सीटीसीला सीटीसी लावून बघणं

"सर, पाच वीसवरून सहावर चाललोय." मी म्हणतो कागद घे आणि मांड. सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च; सहा लाख म्हणजे महिन्याला पन्नास हजार. दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, असेल तर त्याचे पाच हजार बाजूला, ते वर्षाअखेरी मिळाले तर मिळाले. बेसिक पंचवीस हजार धरलं तर कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे तीन हजार आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के म्हणजे बाराशे, हे सीटीसीतच धरलेलं असतं. राहिले चाळीस हजार आठशे. त्यातून तुमचा पीएफ तीन हजार आणि प्रोफेशनल टॅक्स दोनशे गेले की हातात सदतीस हजार सहाशे. आता पाच लाख वीस हजार, व्हेरिएबल नाही, बेसिक तसंच निम्मं, याचे हातात येतात जवळपास छत्तीस हजार नऊशे. म्हणजे ऐंशी हजाराची उडी मारून महिन्याला सहा-सातशे रुपये! आणि जुन्या कंपनीत बस आणि कँटीन होतं, नव्या ठिकाणी नसेल तर निगडीहून रांजणगावला रोज पेट्रोल घालून बघा काय उरतं ते. मी नेहमी एचआरला एकच विचारतो, महिन्याला बँकेत किती पडणार ते लिहून द्या.

आता बाकीच्या, थोडक्यात.

दर आठ महिन्यांनी उडी मारू नका. एक पार्ट ड्रॉइंगपासून पीपीएपीपर्यंत (उत्पादन सुरू करायला कस्टमरची मंजुरी) नेऊन मग वर्षभर लाइनवर चालताना बघितल्याशिवाय तुम्ही काय शिकलात हे तुम्हालाच सांगता येत नाही, आणि मी घाई करणाऱ्यांशी या एका गोष्टीवर रोज भांडतो.

दोन शनिवार-रविवारचा ग्रीन बेल्ट (क्वालिटी सुधारण्याचा सिक्स सिग्मा कोर्स) करून प्रोजेक्ट एकही नाही, तर ते सर्टिफिकेट घरीच ठेवा.

खोटा अनुभव दाखवू नका. पीएफच्या रेकॉर्डला कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होतात ते सगळं दिसतं.

नोकरीसाठी रजिस्ट्रेशन फी किंवा डिपॉझिट मागणारा फोन लगेच कट करा, आणि ओरिजिनल मार्कशीट कोणाकडेही ठेवायला देऊ नका.

वर्षाच्या मधे बदललात तर आधीच्या कंपनीतला पगार नवीन कंपनीला कळवा, नाहीतर दोघेही कमी टॅक्स कापतात आणि रिटर्न भरताना एकदम खिशातून जातात.

आणि पीएफ काढू नका, ट्रान्स्फर करा. पाच वर्षं सलग व्हायच्या आत काढलात तर त्यावर टॅक्स लागतो, ट्रान्स्फर केलात तर आधीची नोकरी त्या पाच वर्षांत मोजली जाते. नवीन कंपनीला जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या, दुसरा काढू देऊ नका. शेवटच्या दिवशी रिलिव्हिंग लेटर आणि पगाराच्या स्लिपा घेऊनच गेटबाहेर पडा, कारण ऑफिसचा मेल आयडी संध्याकाळपर्यंत बंद होतो. मग महिनाभराने पीएफच्या पोर्टलवर जाऊन जुन्या कंपनीने तुमची सोडल्याची तारीख टाकलीय का बघा, ती नसेल तर ट्रान्स्फर अडकतो. त्यांनी नाहीच टाकली तर शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःला टाकता येते, फक्त आधार आणि मोबाइल नंबर लिंक असला पाहिजे.