इंटरट्रॅपियन थरांतले सूक्ष्मजीवाश्म: प्रबंधाचे काम बिघडवणाऱ्या या चुका टाळा

दख्खनच्या दोन लाव्हाप्रवाहांमध्ये अडकलेला जुन्या तळ्यांचा गाळ, म्हणजे इंटरट्रॅपियन थर, हा पुराजीवशास्त्रात एमएस्सी किंवा पीएचडी करणाऱ्यांचा हक्काचा विषय. ऑस्ट्राकोड (दोन झडपांचे कवच असलेले सूक्ष्म जलचर), कॅरा शेवाळाची गायरोगोनाइट फळे, माशांचे दात, परागकण असे बरेच काही त्यात मिळते. वहीत 'नमुना रिकामा' अशी नोंद होते तेव्हा मात्र पुष्कळदा जीवाश्म खडकात असतात आणि धुताना आपल्याच हातून जातात.

माती सुटतच नाही

नमुना ओलसर असताना केरोसीन ओतणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. 300 ते 500 ग्रॅम चिकणखडकाचे सुपारीएवढे तुकडे करा. कुटून भुगा करू नका, कवचे फुटतात. ओव्हनमध्ये 50-60 अंश सेल्सिअसला अगदी कोरडे होऊ द्या आणि गार झाल्यावरच तुकडे बुडतील इतके केरोसीन ओतून रात्रभर ठेवा. सकाळी केरोसीन पूर्ण ओतून काढा आणि गरम पाणी घाला. पाणी छिद्रांतल्या केरोसीनची जागा घेत आत शिरते आणि तुकडे डोळ्यांदेखत विरघळून चिखल होतात. छिद्रांत आधीच पाणी असेल तर केरोसीनला शिरायला वावच नसतो. तुकडा वरून ओशट होतो, आतून जसाच्या तसा राहतो. अशा वेळी आणखी केरोसीन घालून उपयोग नाही. साबणाच्या पाण्याने धुवा, फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) वाळवा आणि पहिल्यापासून सुरू करा. केरोसीनचा वास येणारा नमुना ओव्हनमध्ये कधीही ठेवायचा नाही.

चर्ट, म्हणजे सिलिकाचा कठीण खडक, या पद्धतीने सुटणार नाही. मोहगाव कलाँसारख्या ठिकाणच्या चर्टमधल्या वनस्पतींसाठी पातळ काप घ्यावे लागतात.

कवचे झिजलेली, खडबडीत

काळ्या, पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) असलेल्या मातीत हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की गंधकाम्ल तयार होते आणि ऑस्ट्राकोडची चुनखडी कवचे खाते. माशांच्या दातांसाठी ॲसेटिक आम्ल वापरायचे असेल तर नमुन्याचे आधीच दोन भाग करा. आम्लात गेलेल्या भागात ऑस्ट्राकोड शोधण्यात अर्थ नाही.

एका नमुन्यातले जीवाश्म दुसऱ्यात

चिखल धुण्याची 63 मायक्रॉनची चाळणी नळाखाली नुसती धुतली की काम झाले, असे नाही. दर वेळी ती मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणात बुडवा आणि पुन्हा धुवा. जाळीत अडकून राहिलेला कण निळा होतो, आणि पुढच्या नमुन्यात निळे कवच दिसले की ते मागचे आहे हे लगेच कळते. जाळी बोटाने घासू नका, उलटी धरून पाण्याचा हलका फवारा मारा.

परागकणांच्या स्लाइडवर पांढरे स्फटिक

चुना काढण्याआधी खडकातली सिलिका विरघळवणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल घातले की कॅल्शियम फ्लोराइड बसते आणि पुढे निघता निघत नाही. आधी हायड्रोक्लोरिक आम्ल, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत, मग पाण्याने अनेकदा धुणे, त्यानंतर हायड्रोफ्लोरिक. हे आम्ल काच खाते, म्हणून पॉलिप्रॉपिलीनची भांडी वापरा. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर बाटली उघडूच नका. सुरुवातीला त्याची जळजळ जाणवेलच असे नाही, पण ते खोल आत जाते.

वय गृहीत धरणे

इंटरट्रॅपियन म्हणजे एकच काळ नव्हे. नागपूरजवळच्या टाकळीचे थर क्रिटेशसच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अखेरचे. छिंदवाड्याच्या झिलमिलीत त्यानंतरच्या पॅलिओसीनच्या अगदी आरंभीचे प्लवकी फोरामिनिफेरा (पाण्यात तरंगणारे कवचधारी एकपेशीय जीव) मिळाले आहेत. मुंबईचे, बेडकांचे जीवाश्म असलेले थरही पॅलिओसीनचे. जवळच्या गावचे वय आपल्या थराला चिकटवणे ही प्रबंधातली फार मोठी चूक ठरते. तसेच एखादी जात वरच्या थरात दिसली नाही म्हणजे तिथेच ती संपली, असे होत नाही. शेवटचा सापडलेला नमुना आणि शेवटचा जिवंत जीव यांत अंतर असतेच.

नमुना कुठला, हेच कळत नाही

पृष्ठभागावरचा झिजलेला थर आणि कपाशीची मुळे बाजूला करून निदान 30 सेंमी आत खणा. खालून वर नमुने घ्या, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात पडणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यासारख्या ठिकाणी शेतात सुटे पडलेले जीवाश्म मिळतात. त्यांवर 'थरातून नाही' असे स्पष्ट लिहा. उंची खालच्या बेसाल्टच्या माथ्यापासून मोजा. ठिकाण, तारीख आणि ही उंची पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून ती छोट्या प्लास्टिक पिशवीत घालून नमुन्यासोबत ठेवा. बाहेर मार्करने लिहिलेले केरोसीनचा एक थेंब पडला की पुसते.