पासवर्डच्या पडद्यापासून बोलणारा कॉम्प्युटर

बँकेत रुजू झालो तेव्हा पहिले काही दिवस मी रोज सकाळी शिपाईमामांची वाट बघायचो. मला दिसत नाही. कॉम्प्युटर चालू करणं मला जमायचं, पण पासवर्डच्या पडद्यावर तो मुका. मामा येऊन "आला बघा, टाका आता" म्हणाले की मी पासवर्ड टाकायचो. आत गेल्यावरच एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, बोलायला लागायचा. एका सोमवारी कॅप्स लॉक चालू राहिलं होतं. सांगणारं कुणी नाही. पासवर्ड चुकत गेला, खातं लॉक झालं आणि काउंटरपुढे रांग लागली.

नव्याने नोकरीला लागणाऱ्या अंध मित्रमैत्रिणींनो, हे पहिल्याच दिवशी मिटवून टाका. एनव्हीडीए चालू असताना इन्सर्ट आणि एन दाबलं की त्याचा मेनू उघडतो. तिथून प्रेफरन्सेस, सेटिंग्ज आणि मग जनरल. साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए वापरायचा, असा एक चेकबॉक्स तिथे आहे. 'साइन-इन केल्यानंतर' असाही एक आहे, तो वेगळा. माझ्या मशीनवर नेमकी तेवढ्यावरच खूण केलेली होती. पहिल्याला ॲडमिनचे अधिकार लागतात, म्हणून आयटीवाल्यांना लेखी विनंती करा. ते आले की त्याच बैठकीत खालचं बटणही दाबून घ्या, आपल्या साठवलेल्या सेटिंग्ज साइन-इनच्या पडद्यावर नेणारं. नाहीतर तुम्ही मराठी आवाज आणि सवयीचा वेग लावलेला असला तरी त्या पडद्यावर एनव्हीडीए स्वतःच्याच मूळ सेटिंग्जवर बोलतो. परवानगी विचारणाऱ्या सुरक्षित पडद्यांनाही हेच लागू.

मशीनवर काहीच नसेल तर? विंडोज १० आणि ११ मध्ये नॅरेटर हा विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर असतोच. विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा. नव्या लॅपटॉपची पहिली मांडणी चालू असतानाही तो बोलतो, त्यामुळे भाषा, वायफाय, खातं हे सगळं आपलं आपण करता येतं. मग त्याच्याच मदतीने एनव्हीडीए उतरवून घ्या. त्याची इन्स्टॉलेशनची फाइल उघडली की ती स्वतःच बोलू लागते. एनव्हीडीएला पैसे पडत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं, पुढे जेम्स टे सोबत आले, दोघेही अंध. महागडा स्क्रीन रीडर परवडत नाही म्हणून कुणी अडून राहू नये, ही त्यांची तळमळ. माझी नोकरी त्यावरच उभी आहे.

लॅपटॉपवर इन्सर्ट सापडत नसेल तर एनव्हीडीएच्या स्वागताच्या खिडकीतच कॅप्स लॉकला एनव्हीडीएची कळ करून टाका. मग खरंच कॅप्स लॉक हवं असेल तेव्हा ती कळ पटकन दोनदा दाबायची.

आवाज अचानक गेला तर लगेच मशीन बंद करू नका. इन्सर्ट आणि एस चुकून दाबलं गेलं की बोलणं थांबतं आणि वाटतं, सगळंच गेलं. तेच थांबत थांबत पुन्हा दाबत राहा, बोलणं परत येतं. हेडफोनची पिन अर्धवट बसलेली नाही ना, तेही चाचपा.

आता सकाळी बटण दाबतो आणि एफ आणि जे या कळांवरच्या उंचवट्यांवर बोटं ठेवून बसतो. थोड्या वेळात कानात "पासवर्ड" ऐकू येतं. प्रत्येक अक्षराला "स्टार, स्टार". मामा चहा घेऊन येतात तेव्हा माझं पहिलं व्हाउचर झालेलं असतं.