सादोच्या सोन्याच्या खाणी भाड्याच्या गाडीने: निघण्याआधीची तयारी

सादो हे जपानमधल्या निइगातासमोरचं बेट. तिथे गाडी चालवायची तर पहिलं काम परवान्याचं, कारण त्यालाच सगळ्यात जास्त दिवस लागतात. जपानमध्ये १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलाच आंतरराष्ट्रीय वाहन परवाना चालतो. भारताचा परवाना याच करारात बसतो. २०२२ पासून त्याचा नमुना देशभर एकसारखा आहे. सारथी पोर्टलवर अर्ज करून तो आपल्या आरटीओकडून घ्यायचा. शुल्क १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. अर्जासोबत व्हिसाची प्रत मागितली जाऊ शकते, म्हणून आधी व्हिसा आणि मग परवाना असा क्रम ठेवा. गाडी घेताना आंतरराष्ट्रीय परवान्याची छापील पुस्तिका, मूळ भारतीय परवाना आणि पासपोर्ट ही तिन्ही हातात लागतात. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो दाखवून गाडी मिळत नाही, आगाऊ पैसे भरलेले असले तरी.

परदेशातल्या मराठी मंडळींना इथे दोन खाचखळगे आहेत. जर्मनी, फ्रान्स किंवा स्वित्झर्लंडचा परवाना असेल तर तिथला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालत नाही. त्याऐवजी मूळ परवान्याचं अधिकृत जपानी भाषांतर लागतं, ते जपान ऑटोमोबाइल फेडरेशनकडून मिळतं. आणि जे टोकियोत नोकरीला आहेत, त्यांनी सुट्टीत महिनाभर पुण्याला जाऊन नवीन पुस्तिका आणली तरी उपयोग नाही. जपानमध्ये रहिवासी म्हणून नोंद असलेला माणूस तीन महिन्यांच्या आत परतला, तर आंतरराष्ट्रीय परवान्यावर जपानमध्ये गाडी चालवण्याची त्याची एक वर्षाची मुदत नव्याने सुरू होत नाही.

आता बोट. टोकियोहून शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) निइगाताला सुमारे दोन तास, स्टेशनवरून बंदरापर्यंत बसने पंधरा मिनिटं. निइगाता ते सादो बेटावरचं र्‍योत्सु या मार्गावर दोन प्रकारच्या बोटी आहेत. जेटफॉइल ही पाण्यावर उचलली जाऊन धावणारी वेगवान बोट सुमारे ६७ मिनिटांत पोचते, पण तिच्यात गाडी नेता येत नाही. कारफेरीला अडीच तास लागतात. आमचा सल्ला असा की गाडी निइगाताहून न नेता र्‍योत्सुच्या बंदराजवळच घ्या. गाडीचं बोटीचं भाडं वाचतं आणि जाताना जेटफॉइलचा वेळ मिळतो. बेटावर गाड्या मोजक्याच असतात, त्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीची ‘गोल्डन वीक’ आणि ऑगस्टमधली ओबोनची सुट्टी या दिवसांत जायचं असेल तर बोटीच्या तिकिटाआधी गाडी पक्की करा. हिवाळ्यात समुद्र खवळतो. आधी जेटफॉइल रद्द होते, मग फेरीही. म्हणून परतीची बोट आणि परतीचं विमान एकाच दिवशी ठेवू नका, मध्ये किमान एक मुक्काम हवा.

विमा घेताना दोन गोष्टी नीट विचारा. नुकसानभरपाईतला आपल्या वाट्याचा भाग माफ आहे का, आणि ‘नॉन-ऑपरेशन चार्ज’ त्यात धरलेला आहे का. गाडी दुरुस्तीत अडकली की हा आकार लागतो. गाडी चालवत परत आणता आली तर साधारण २०,००० येन, नाहीतर ५०,००० येन. आरसा नुसता घासला तरी ११० वर पोलिसांना कळवायचंच. पोलिसांकडची नोंद नसेल तर विमा हात वर करतो. सहा वर्षांखालच्या मुलासाठी चाइल्ड सीट कायद्याने सक्तीची आहे, ती गाडी ठरवतानाच सांगा.

रस्ता डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे आपल्याला परकं वाटत नाही. लाल उलट्या त्रिकोणाची ‘थांबा’ पाटी दिसली की रस्ता मोकळा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, आणि सिग्नल लाल असताना डावीकडे वळणंही चालत नाही. पेट्रोलच्या साध्या प्रकाराची नळी लाल असते. हिरवी नळी डिझेलची, ती चुकूनही लावू नका. पंपावर ‘रेग्युरा, मान्तान’ म्हटलं की टाकी फुल्ल करून देतात. पंप संध्याकाळी लवकर बंद होतात, म्हणून अर्धी टाकी झाली की भरून घ्यावी.

खाणींचा क्रम सोन्याच्याच वाटेने लावा, आधी नदीतलं सोनं, मग डोंगरातलं. निशिमिकावात नदीच्या वाळूतून सोनं धुऊन काढत. तिथल्या गोल्ड पार्कमध्ये ताटली फिरवून सोन्याचे कण वेगळे करून बघता येतात. बाह्या वर सारता येतील असे कपडे घाला. सोनं जड म्हणून तळाला बसतं. घाईने ताटली हिंदकळली की वाळूबरोबर तेही जातं. जवळचं सासागावा हे आजही नांदतं गाव आहे, तेव्हा गाडी वाहनतळावर लावून पायी फिरा आणि लोकांच्या अंगणात शिरू नका.

तिथून पाऊण तासावर आइकावा, मुख्य खाण इथेच. आधी ‘किरारिउम सादो’ हे माहिती केंद्र बघा, मग खाण जास्त उमगते. मुख्य खाण १६०१ ते १९८९ चालली, बोगद्यांची लांबी सुमारे ४०० किलोमीटर, एकूण सोनं ७८ टन. आत वर्षभर १० अंशांच्या आसपास तापमान, छतातून पाणी ठिबकतं. ऑगस्टमध्येही जाकीट आणि घट्ट पकडीचे बूट हवेत. एदोकालीन (१८६८ च्या आधीच्या) सोदायू बोगद्यात उंच पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना मेइजीकालीन (१८६८ नंतरचा) दोयू बोगदा सोपा, आणि त्याच वाटेवर डोंगर ७४ मीटर खोल चिरलेला ‘दोयू नो वारितो’ दिसतो. दोन्ही बोगदे, खालचा किताझावाचा धातुशुद्धीचा कारखाना आणि ५० मीटर व्यासाची गोल टाकी मिळून अर्धा दिवस धरा. आइकावाचं स्थानिक संग्रहालय टाळू नका. दुसऱ्या महायुद्धात इथे राबवलेल्या सुमारे १,५०० कोरियन कामगारांची माहिती तिथे आहे, आणि २०२४ च्या जुलैमध्ये नवी दिल्लीच्या बैठकीत खाणींना जागतिक वारसा ठरवताना याच इतिहासाचा प्रश्न कळीचा होता.

खाणीवरून डोंगरमाथ्याने जाणारी ओसादो स्कायलाइन हिवाळ्यात बंद असते. नॅव्हिगेशनने तीच वाट दाखवली तर किनाऱ्याच्या रस्त्याने परता. भातखाचरांजवळ तोकी (जपानी आयबिस) पक्षी दिसला तर गाडीतूनच बघा. दार उघडलं की तो उडतो.

पाकिटात रोख येन असू द्या, कमी पडले तर पोस्टाचं एटीएम. शाकाहारींनी सूप आणि आमटीसदृश पदार्थांत माशाचा अर्क असतो हे धरूनच चालावं. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी जवळ ठेवा. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ मात्र भारतातून नेऊ नका, विमानतळावर अडवतात.

शेवटच्या दिवशी बोटीच्या दीड तास आधी र्‍योत्सुत पोचा, टाकी भरून पावती जपून ठेवा, गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि मगच किल्ली द्या.